गोवर जातो, पण कुठे जातो?

आपल्या मोहल्ल्यांत गोवराला फारसे कुणी आजार म्हणत नाही. तो 'निघतो'. लहान मुलाला दात निघावेत तसा गोवर निघतो. घरात दखनी बोलणारे त्याला खसरा म्हणतात, गल्लीच्या टोकाचे मराठी शेजारी गोवर म्हणतात आणि आमच्यासारखी दोन्ही बोलींत वाढलेली माणसे दोन्ही शब्द सारख्याच सहजपणे वापरतात. समजूत मात्र सगळ्यांची एकच. ताप येतो, डोळे लाल होतात, नाक वाहते, कानामागून पुरळ उठतो, तो अंगभर उतरतो आणि आठवड्याभरात मावळतो. मग मुलाला कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायची, सदका काढायचा, की झाले. "एकदा निघून गेला की जन्माची काळजी मिटली," असे आमची अम्मा म्हणायची.

अम्माचे म्हणणे बहुतेक मुलांच्या बाबतीत खरेही ठरते. आम्ही सहा भावंडे. सहाही जणांना गोवर निघाला आणि सहाही जण त्यातून उठलो. त्यामुळे गोवरावर लिहितो आहोत असे कुणाला सांगितले तर समोरचा माणूस विचारतो, "गोवरावर काय लिहायचं असतं?" कॅन्सरवर लिहावे, हृदयविकारावर लिहावे. गोवर तो काय!

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. इराणातल्या रय शहरात नवव्या शतकात जन्मलेला हकीम अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल-राझी आपल्यापैकी अनेकांना नावाने माहीत असेल. रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचा तो प्रमुख होता. देवी आणि गोवर हे दोन आजार वेगळे कसे ओळखावेत यावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अरबीत देवीला 'जदरी' आणि गोवराला 'हसबा' म्हणतात, आणि ग्रंथाच्या नावात हे दोन्ही शब्द आहेत. गोवराची धास्ती देवीहूनही अधिक घ्यावी, असे त्याचे मत होते. मुस्लिमांनी विज्ञानाला काय दिले याची यादी आपण सभासंमेलनांतून अभिमानाने वाचतो आणि त्या यादीत अल-राझीचे नाव हमखास असते. पण ज्या आजाराची त्याने हजार-अकराशे वर्षांपूर्वी धास्ती घ्यायला सांगितली, त्या आजाराला आपण अजून पाहुणा समजतो. आला, राहिला, गेला.

हा पाहुणा सगळ्याच घरांतून जात नाही. एका घरात तो कसा राहिला, ते आम्ही पाहिले आहे.

आमची धाकटी बहीण इचलकरंजीला दिली. मेहुणे मागावर कामाला. दोन खोल्यांचे घर, पुढच्या खोलीत बहीण कांड्या भरायची आणि पाळणा तिथेच टांगलेला. गल्लीतल्या मागांचा खडखडाट बाळाला इतका अंगवळणी पडला होता की लाइट जाऊन माग बंद पडले की ते रडत उठायचे. आमच्या भाच्याचा जन्म २००३ च्या जुलैमधला. २००४ च्या फेब्रुवारीत गल्लीत गोवराची साथ आली. दोन घरे सोडून राहणाऱ्या मुलांना निघाला, मग समोरच्यांना, मग आमच्या भाच्याला. तेव्हा तो सात महिन्यांचा होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या काळी सरकारी दवाखान्यात गोवराचा डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देत असत. आजही पहिल्या डोसाचे वय तेच आहे. आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्ये पहिले काही महिने बाळाचे रक्षण करतात आणि तीच द्रव्ये लशीचे कामही बिघडवतात. म्हणून ती ओसरेपर्यंत थांबावे लागते. आईची शिदोरी संपत आलेली आणि लशीची वेळ अजून झालेली नाही, असा एक उघडा काळ प्रत्येक बाळाच्या आयुष्यात येतो. त्या काळात त्याला वाचवणारी एकच गोष्ट असते : आजूबाजूच्या मुलांना गोवर झालेला नसणे.

भाचा दहा दिवसांत बरा झाला. थोडा वाळला, पुन्हा भरला. नऊ महिने पूर्ण झाल्यावर बहीण त्याला घेऊन डोस द्यायला गेली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "निघून गेलाय ना एकदा? मग कशाला टोचतेस?" नर्सबाईंनी सांगितले, घेऊन टाका. तिने घेतला. ते पिवळे कार्ड आजही तिच्या पेटीत आहे आणि गोवराच्या रकान्यात तारीख आहे. कार्डाची ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण तिचे काम पुढे पडणार आहे.

पुढची सात वर्षे त्या मुलाने आमच्या घरात नुसता धुमाकूळ घातला. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी मिरजेला, आमच्याकडे. मामूच्या सायकलवर बसून दर्ग्याजवळच्या तंतुवाद्यांच्या दुकानांपर्यंत जायचे आणि कारागीर सतारीचा भोपळा कोरताना बघत बसायचे, हा त्याचा आवडता उद्योग. दुसरीत असताना त्याचे वीसपर्यंतचे पाढे पाठ होते. अक्षर तर असे की आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना दाखवावे.

२०११ च्या जूनमध्ये तो तिसरीत गेला आणि अक्षर बिघडू लागले. आधी ओळ वाकडी व्हायला लागली, मग शब्द अर्धे राहायला लागले. सतराचा पाढा म्हणता म्हणता मधेच थांबायचा आणि आपण काय म्हणत होतो तेच विसरायचा. शाळेतून निरोप आला, मुलगा आळशी झाला आहे, मुद्दाम खोड्या करतो, वर्गात वस्तू पाडतो. त्याला शिक्षाही झाली. त्या वर्षी रमजान ऑगस्टमध्ये आला. भाच्याने पहिला रोजा धरला, नवी टोपी घालून रोजाकुशाई झाली. त्यानंतर तो मरगळल्यासारखा दिसू लागला तेव्हा सगळे म्हणाले, रोजा झेपला नाही पोराला.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी त्याच्या हातातून पडली. दुसरी दिली, तीही पडली. मुले हसली. आमच्या थोरल्या भावाचे लक्ष मात्र त्याच्या मानेकडे गेले. काही सेकंदांनी मान किंचित झुकायची, खांदा उडायचा आणि तो पुन्हा पूर्ववत व्हायचा. भावाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजले. आठ सेकंद, दहा सेकंद, पुन्हा आठ. कुणीतरी आतून दोरी ओढत असावे तसा तो झटका ठरलेल्या वेळाने येत होता. कोणतेही मूल इतक्या नेमाने खोडी करत नाही, एवढे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळले.

मग सुरू झाली ती फिराफिर. एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सांगितले, मन अभ्यासातून उडाले आहे. ताबीजही बांधले, दमही करून घेतला. आमच्यासारख्या घरांत दवा आणि दुआ एकाच पिशवीतून नेतात आणि त्यात लाज वाटावी असे आम्हाला काही दिसत नाही. दुआ करणाऱ्या मौलानांनीच शेवटी सांगितले, "हे माझ्या फुंकरीचं काम नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

मेंदूच्या डॉक्टरांनी मुलाला चालायला लावले, हात पुढे धरायला लावले, दोन-तीन मिनिटे नुसते बघत राहिले. मग बहिणीकडे वळून त्यांनी विचारले, "याला अगदी लहानपणी गोवर आला होता का?"

आम्हाला तो प्रश्न वेड्यासारखा वाटला. साडेसात वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या गोवराचा आणि या झटक्यांचा काय संबंध? बहीण म्हणाली, "आला होता. सात महिन्यांचा होता तेव्हा." डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी मेंदूचा विद्युत आलेख काढायला सांगितला. त्या कागदावर ठरावीक अंतराने उंच लाटा उमटल्या होत्या. मग पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासायला बंगळूरला पाठवले. त्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिकारक द्रव्ये प्रचंड प्रमाणात सापडली. याचा अर्थ, तो मेंदू अजूनही गोवराशी लढत होता.

आजाराचे नाव एवढे लांब की आम्हाला ते कागदावर लिहून घ्यावे लागले : सबॲक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. डॉक्टरमंडळी नुसते एसएसपीई म्हणतात. गोवराचा विषाणू मेंदूला तीन-चार तऱ्हांनी इजा करतो, हे पुढे आम्ही वाचून, विचारून समजून घेतले. हजारात साधारण एका रुग्णाला गोवराच्या दिवसांतच किंवा पुरळ उठल्यानंतर थोड्याच दिवसांत मेंदूची सूज येते. ताप उतरत आला म्हणून घर निर्धास्त होते आणि मूल पुन्हा तापते, गुंगीत जाते, त्याला फिट येतात. त्यातली काही मुले दगावतात, काही बहिरी किंवा मतिमंद होतात. यात पुष्कळदा विषाणूपेक्षा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच भांबावून मेंदूवर उलटलेली असते. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली आहे, उदाहरणार्थ रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुले, त्यांना काही महिन्यांनी आणखी एका प्रकारचा मेंदूदाह होतो. आणि एसएसपीई हा यातला सगळ्यात दबा धरून बसणारा प्रकार. गोवर बरा होतो, मूल वाढते, शाळेत जाते. बहुधा सहा ते दहा वर्षांनी तो उठतो.

इतकी वर्षे तो विषाणू करतो काय? तो मेंदूच्या पेशींत लपून राहतो आणि बदलत जातो. नवा विषाणू पेशीबाहेर घडवण्यासाठी लागणारे त्याचे भाग बिघडतात. त्यामुळे तो खोकल्यातून, शिंकेतून बाहेर पडत नाही, कुणाला लागत नाही. पण एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत राहतो. अमेरिकी डॉक्टर डॉसन यांनी १९३३ मध्ये अशा एका मुलाच्या मेंदूत विषाणूच्या खुणा पाहिल्या होत्या. १९६९ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा रुग्णांच्या मेंदूतून प्रत्यक्ष गोवराचाच विषाणू वेगळा काढला. हा आजार मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गोवर जितक्या कोवळ्या वयात होईल तितका धोका जास्त. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील नोंदींच्या अभ्यासात असे दिसले की पहिल्या वर्षाच्या आत गोवर झालेल्या मुलांत साधारण सहाशेत एकाला हा आजार झाला. पूर्वी तो लाखात एखाद्याला होतो असे समजत.

डॉक्टरांनी आमच्यापासून काही लपवले नाही. यावर खात्रीचा इलाज नाही, असे ते म्हणाले. आयसोप्रिनोसिन नावाच्या गोळ्या आहेत, इंटरफेरॉनची इंजेक्शने आहेत, त्यांनी काही जणांचा आजार काही काळ मंदावतो. झटके कमी करणारी औषधे आहेत. मेहुण्यांनी विचारले, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक मुलं एक ते तीन वर्षं काढतात."

आमच्या भाच्याने दीड वर्ष काढले. ते दिवस आम्ही विस्ताराने सांगणार नाही. आधी चालणे गेले, मग बोलणे. शेवटचा शब्द कोणता होता यावर घरात अजून एकमत नाही. बहीण म्हणते 'पानी', आमची अम्मा म्हणायची 'नानी'. मग गिळणे गेले, नाकातून नळी आली. बहीण खिचडी पातळ करून, गाळून त्या नळीतून घालायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. दीड वर्षात त्याच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे डॉक्टरही कौतुकाने सांगायचे. हळूहळू झटकेही थांबले आणि ते थांबले म्हणून कुणाला आनंद झाला नाही. डोळे उघडे असायचे, पण त्यांत कुणी ओळखीचे उरले नव्हते. २०१३ च्या एप्रिलमध्ये फजरच्या सुमारास तो गेला. जनाजा इतका हलका होता की खांदा देणाऱ्यांना पावले आवरून टाकावी लागत होती.

घरावर संकट आले की माणसे कारण शोधतात. त्यांना कारण पटकन सापडले. कार्डावर लशीची तारीख होती ना? "डोस दिला म्हणूनच पोराचा मेंदू गेला," असे मोहल्ल्यात बोलले जाऊ लागले. आधी हळू आवाजात, मग उघड. बोलणारी माणसे वाईट नव्हती. त्यातली कित्येक आमच्या बहिणीसाठी रडलेली होती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर लस दिसत होती आणि गोवर दिसत नव्हता. त्याला जाऊन तर सात वर्षे झाली होती! आम्ही डॉक्टरांना हेच विचारले. त्यांनी सांगितले की या आजाराने गेलेल्या मुलांच्या मेंदूतून काढलेला विषाणू शास्त्रज्ञांनी जेव्हा जेव्हा ओळखून पाहिला, तेव्हा तो साथीतला, रानटी विषाणूच निघाला. लशीतला विषाणू त्यात कधी सापडलेला नाही. जिथे गोवराची लस सर्वदूर पोचली, तिथे हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. लसच दोषी असती तर उलटे व्हायला हवे होते. मुळात आमच्या भाच्याला गोवर निघाला सातव्या महिन्यात आणि डोस मिळाला त्यानंतर. क्रम एवढा सरळ होता. तरी अफवा तिच्या वाटेने चालतच राहिली.

पाच वर्षांनी ती आमच्या शाळेच्या दारात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना एक डोस, बहुतांश शाळांतूनच. मोबाइलवर निरोप फिरू लागले : या लशीने मुले नापीक होतात, ही आपल्याच मुलांसाठी काढली आहे. आमच्या वर्गातले कितीतरी पालक नकाराच्या चिठ्ठ्या घेऊन आले. त्यातल्या एकाने आम्हाला तोंडावर सांगितले, "सर, तुमच्या घरातलंच उदाहरण आहे की!"

आम्ही बहिणीला फोन केला. पालकसभेच्या दिवशी ती एसटीने मिरजेला आली. ती कधी चार माणसांत बोललेली बाई नव्हे. पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती उभी राहिली, पिशवीतून ते पिवळे कार्ड काढले आणि बायकांच्या बाजूला वळून म्हणाली, "माझ्या पोराला लशीनं काही केलं नाही. लशीचं वय व्हायच्या आधीच त्याला गोवर लागला. तो कुठनं लागला? आपल्याच गल्लीतनं लागला. मी कुणाचं नाव घेत नाही, कुणाला दोष देत नाही. पण ज्या पोरांचं वय झालं होतं, त्यांना डोस दिला असता तर माझं पोर आज पंधरा वर्षांचं असतं." एवढे बोलून ती खाली बसली. सभेत पाच मिनिटे कुणी काही बोलले नाही. मग मागून एका म्हाताऱ्या आजीने विचारले, "कार्ड बघू दे गं बेटी." आणि ते कार्ड हातोहात फिरले.

सगळे पालक तयार झाले असे नाही. पण बऱ्याच आयांनी आपल्या चिठ्ठ्या परत मागून घेतल्या.

त्याच सभेत एका तरुण बापाने दुसरा प्रश्न काढला होता आणि तो अफवेतला नव्हता. लशीत जिलेटिन असते, ते डुकराचे असेल तर? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण तो इमानदारीने विचारलेला असतो. त्याची उत्तरे उलेमांनीही इमानदारीने दिली आहेत. १९९५ मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेने भरवलेल्या परिषदेत असा निष्कर्ष निघाला की हाड-कातड्याचे जिलेटिन होताना मूळ पदार्थाचे पूर्ण रूपांतर होते, आणि रूपांतर झालेली वस्तू पाक ठरते. हा रूपांतराचा मुद्दा, इस्तिहाला, सगळ्यांनाच मान्य आहे असे नाही. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०१८ मध्ये नेमक्या गोवर-रुबेला लशीवर फतवा दिला. ती लस आपल्याच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून तिकडे गेलेली. कौन्सिलने तिच्यात डुकराच्या घटकाचा वापर असल्याचे म्हटले, आणि तरीही दुसरी हलाल लस उपलब्ध नाही व लस न दिल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून जरुरीपोटी ती जायज ठरवली. म्हणजे एका वाटेने जा किंवा दुसऱ्या, मुलाचा जीव वाचवण्यापाशीच पोचता. उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवायला आपल्याला शिकवले आहे. उंट मोकळा सोडून भरवशाच्या गोष्टी करणे हा तवक्कुल नव्हे.

या मोहिमेनंतर गोवराचे नाव ऐकू येणार नाही, असे आम्हाला वाटले होते. मग कोविड आला. २०२० आणि २०२१ मध्ये लहान मुलांचे नेहमीचे डोस मागे पडले. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या गोवंडीतून बातमी आली. रफीनगरातली मुले गोवराने दगावली होती. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव. ही सगळी नावे वाचताना आपल्यापैकी कुणाला आपलीच वस्ती आठवली नसेल? दाटीची घरे, एका खोलीत आठ-दहा माणसे, मुलांच्या ताटात पुरेसे नाही, आणि गावाकडून शहरात, शहरातून गावाकडे जाता-येता राहून गेलेले डोस. नकार देणारे काही असतील, पण ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलेच नाही असेही पुष्कळ होते. पालिकेने आणि सरकारने तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांना जादा डोस दिला. साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक आगाऊ डोस दिला गेला. ही बातमी वाचून बहिणीने आम्हाला फोन केला होता. "भाई, आता सात महिन्यांच्या बाळालाही देतात म्हणे," एवढेच ती म्हणाली आणि बराच वेळ फोन धरून राहिली.

गोवराइतका झपाट्याने पसरणारा आजार क्वचितच दुसरा असेल. कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असते, म्हणजे आईला कळायच्या आत गल्लीला लागलेला असतो. म्हणूनच शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साथ थांबते. हे नुसते गरीब वस्त्यांचे दुखणे आहे, असेही कुणी समजू नये. मुलांसाठी अजरामर पुस्तके लिहिणाऱ्या रोआल्ड डाल या ब्रिटिश लेखकाची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया १९६२ मध्ये गोवरातून झालेल्या मेंदूच्या सुजेने गेली. लस त्यानंतर एका वर्षाने, १९६३ मध्ये, अमेरिकेत आली. त्या बापाने १९८६ मध्ये पालकांना लस देण्याची विनवणी करणारे पत्र लिहिले. आणि अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये, लॉस एंजेलिसच्या आरोग्य खात्याने शाळेत जाणाऱ्या एका मुलाच्या मृत्यूची माहिती दिली. कारण एसएसपीई. त्या मुलाला तान्हेपणी, लस देण्याचे वय होण्याआधीच, गोवर झाला होता. ती बातमी आम्ही बहिणीला वाचून दाखवली नाही.

आपल्याला करायचे आहे ते फार थोडे आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट. चुकला असेल तर आशाताईंना विचारून उशिरा का होईना द्यावा. कार्ड सांभाळून ठेवावे. गोवर निघालाच तर घरच्या घरी न ठेवता डॉक्टरांना दाखवावे. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस सलग दोन दिवस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचण्यास मदत होते. ताप उतरून पुन्हा चढला, मूल गुंगीत गेले, फिट आली, तर एक तासही दवडू नये. आणि हुशार मूल अचानक मागे पडू लागले, त्याच्या हातून वस्तू पडू लागल्या, तर शिक्षा करण्याआधी त्याला तपासून घ्यावे. शिक्षकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, आम्हीही त्याच पेशातले आहोत.

आणि आपल्या मुलाचा डोस देताना एवढे ध्यानात असू द्यावे की तो फक्त आपल्या मुलासाठी नसतो. प्रत्येक गल्लीत या घडीला एखादे पाच-सात महिन्यांचे बाळ पाळण्यात असतेच. त्याला लस द्यायची वेळ अजून आलेली नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे, ते आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. त्या बाळाचाही तो हक्क आहे, आणि तो आपल्या मुलाच्या दंडावर पुरा होतो.